कडुनिंबाखालचा प्लॉट

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने म्हटले, त्याच्याकडे घराखालची जमीन आधीपासून असली पाहिजे. नसती, तर त्याने ती म्हण सातबाऱ्यापाशीच थांबवली असती. अनंतराव पांढरीपांडे यांचे या म्हणीविषयी हे मत होऊन बराच काळ लोटला, पण ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. आपले मत चारचौघांत सांगितले म्हणजे काय होते, याचा अनुभव त्यांनी एकदा घेतला होता आणि तो जन्माला पुरला.

अनंतराव एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेजात त्यांना लोक दोनच प्रश्न विचारीत. अमुक पुस्तक आहे का, आणि आत पंखा चालू आहे का. दोन्हींची उत्तरे ते हलक्या आवाजात देत, आणि दिलेले उत्तर बरोबर होते की नाही याची काळजी घरी येईपर्यंत करीत. घर धंतोलीत होते. बापूजी नावाच्या सज्जन गृहस्थांच्या माडीवर दोन खोल्या आणि एक गॅलरी, जिना बाहेरून. एकेकाळी खाली बापूजी स्वतः राहत. मग त्यांनी ती जागा एका डॉक्टरांना दवाखान्यासाठी दिली, आणि तेव्हापासून तो जिना अनंतरावांचा राहिला नाही.

वणीहून, पुसदहून, गोंदियाकडून पेशंट येत. पेशंट आत जाई आणि त्याच्याबरोबर आलेले चारपाच जण जिन्यावर बसत. तेथेच डबा सोडत, तेथेच लवंडत, तेथेच एकमेकांच्या दुखण्यांची तुलना करीत. सुहासिनीबाईंना, म्हणजे अनंतरावांच्या पत्नीला, भाजी आणायला जायचे तर प्रत्येक पायरीवर “जरा सरका हो” म्हणावे लागे. आणि दार तर दिवसभर वाजे.

“कोणाकडे आलात?” सुहासिनीबाई विचारीत.

“डॉक्टरकडे. ते खाली लाइन मोठी हाये. पाणी मिळन काय, बाई?”

पाणी त्या देत. नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एकदा एकाने विचारले, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर. त्यांनी गोळीकडे पाहून, सर्वसाधारण शहाणपणाने, नंतर असे सांगितले. पंधरवड्याने तो माणूस पेरू घेऊन आला आणि सरळ वर आला. म्हणाला, “खालच्याचा गुण नाही आला. तुमच्या गोळीनं आला.”

त्या दिवशी पेरू चिरताना सुहासिनीबाई म्हणाल्या, “अहो, मला बंगला नको. बाग नको. मला फक्त एक असं दार हवं, की ते वाजलं तर आपल्याचकडे कोणीतरी आलं असेल.”

अनंतरावांनी पेरूची फोड हातात धरली आणि खाल्ली नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या पत्नीने मागितलेली ही पहिलीच वस्तू होती, आणि ती बाजारात मिळत नव्हती.

त्याच महिन्यात बापूजी वर आले. “अनंतराव, तुमच्यासारखा भाडेकरू मला मिळायचा नाही. म्हणून तर सांगायला जड जातं,” असे म्हणून त्यांनी डोळे पुसले. डॉक्टरांना माडीही हवी होती. “घाई नाही. दिवाळी होऊ द्या आरामात.” चहा घेऊन ते गेले. जाताना जिन्यावरच्या मंडळींना त्यांनी सरका म्हटले नाही. ते कठड्याला धरून कडेने उतरले.

आता माणसाला घर हवे असेल, तर तो कोणाकडे तरी चौकशी करतो. अनंतराव पुस्तकांकडे गेले. शहराच्या वाढीवरचे एक, जमीन महसुलावरची दोन आणि नगररचनेवरचे एक जाडजूड पुस्तक त्यांनी स्वतःच्याच नावावर काढले, आणि महिनाभराने चहाच्या वेळी, कोणी विचारले नसताना, ते बोलून गेले, “आयता प्लॉट घेणं म्हणजे दुसऱ्याच्या माहितीचे पैसे भरणं. शेत घेण्यापासून घर उभं राहीपर्यंतची सगळी रीत एकदा समजून घेतली, तर चार जण मिळून हे स्वतःही करू शकतात.”

ज्या टेबलावर त्यांचे बोलणे कधी कोणाला ऐकू येत नसे, तेथे हे वाक्य नेमके सर्वांना ऐकू गेले.

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे तर!” हेडक्लार्क भैयाजी म्हणाले. भैयाजी मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे, आणि कोणतेही काम दुसऱ्याच्या हातून उत्तम करून घेणारे गृहस्थ होते.

“माहीत नाही. वाचतो आहे.”

“वाचलं म्हणजे झालंच ना! आम्ही तर न वाचताच सगळं करून राहिलो.”

संध्याकाळपर्यंत गृहनिर्माण संस्था निघाली. भैयाजी अध्यक्ष, अनंतराव चिटणीस. अध्यक्षाने खुर्चीवर बसायचे असते आणि चिटणिसाने सायकलवर, हा नगररचनेचा पहिला धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता.

शेत बेसा गावाला मिळाले. तेव्हा बेसा म्हणजे शहराबाहेरचे खेडे. डांबरी सडक संपल्यावर पांदण लागे, म्हणजे दोन शेतांमधली बैलगाडीची वाट, आणि तिच्यावरून सायकल हातात धरून चालावे लागे. शेत चंपतरावांचे होते. मुली सासरी, दोन्ही मुलगे शहरात नोकरीला लागलेले, शेत वाहायला कोणी नाही, म्हणून विकायला काढलेले. शेताच्या मध्यभागी एक जुना कडुनिंब होता. सुहासिनीबाई शेत पाहायला आल्या तेव्हा त्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर फांद्यांकडे पाहिले. मग म्हणाल्या, “किती शांत आहे हो.” अनंतरावांनी तेथल्या तेथे ठरवले, आपला प्लॉट हाच. इतर सभासदांनी पुढे पांदणीजवळचे प्लॉट पसंत केले, बस तेथून जवळ पडणार म्हणून. कडुनिंबाभोवती कोणीच आले नाही. पांढरीपांडे दांपत्याला त्याचा मनातून आनंदच झाला.

आता शेत म्हणजे शेत. ते शेतकऱ्यानेच घ्यायचे, असा कायदा. संस्थेत प्राध्यापक होते, कारकून होते, प्रयोगशाळेतले साहाय्यक होते. शेतकरी एकही नव्हता. तेव्हा शेत आधी चंपतरावांच्याच नावावर अकृषक करून घ्यायचे, म्हणजे ते शेत नाही असे सरकारकडून ठरवून घ्यायचे, आणि मग खरेदी करायची. अर्जाचा मजकूर भैयाजींनी सांगितला. ‘सदर जमीन हलक्या प्रतीची, नापीक व शेतीस अयोग्य असून...’

“नापीक?” अनंतराव म्हणाले. “तिथे तर तूर उभी आहे.”

“अहो, सगळे असंच लिहितात. तुम्ही लिहा फक्त, तुमचं अक्षर चांगलं आहे.”

अनंतरावांनी आपल्या चांगल्या अक्षरात ते लिहिले, आणि तारखेला चंपतरावांना घेऊन कचेरीत गेले. चंपतराव धुतलेले धोतर आणि टोपी घालून आले होते. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले आणि सहज विचारले, “काय हो, काय पिकतं तुमच्या शेतात?”

अनंतरावांनी चंपतरावांना सगळे समजावले होते. सही कोठे करायची, कोणत्या खिडकीशी उभे राहायचे, कोणाला साहेब म्हणायचे. एवढे मात्र सांगायचे राहिले होते. आणि सांगितले असते तरी उपयोग झाला नसता. त्या माणसाला हा प्रश्न सरकारने आजवर कधी इतक्या आपुलकीने विचारला नव्हता.

“काय पिकत नाही ते पुसा, साहेब!” चंपतराव खुलले. “कापूस म्हना, तूर म्हना. आन ज्वारी तं अशी का मानूस उभा राह्यला तं टोपी दिसत नाही त्याची. एक नंबर जमीन! बेश्यात कोनालेही विचारा.”

साहेबांनी अर्ज वर उचलला. “इथे तर नापीक लिहिलं आहे.”

“नापीक? कोन्या बापानं लिहिलं थे?”

अनंतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता, तरी ते पुसत राहिले.

अर्ज परत आला. अनंतराव सायकल घेऊन बेशाला समजूत घालायला गेले, तर चंपतरावांची बायको प्रयागबाई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवले.

“मास्तर, एक सांगा. ज्या वावरानं माह्ये चार लेकरं पोसले, त्याले नापीक म्हनाव काय जी? इकाचं तं इकून राह्यलो. पोटासाठी इकतेच मानूस. पन बदनाम करून नाही इकनार.”

अनंतराव मास्तर नव्हते, पण ते सांगायची ही वेळ नाही असे त्यांना वाटले. त्यांनी मान खाली घातली आणि घरी येऊन नवा अर्ज लिहिला. ‘सदर जमीन उत्तम प्रतीची आहे, परंतु गावठाणाला लागून असल्यामुळे वस्तीस अधिक योग्य आहे.’ भैयाजींनी तो वाचून कपाळाला हात लावला. “अनंतराव, असं खरं लिहून कोणाचं काम झालं आहे का आजवर?” काम झाले. उशिरा झाले, पण झाले. संपूर्ण प्रकरणात आपल्याला बरोबर सुचलेली ही एकच गोष्ट, असे अनंतराव मनातल्या मनात मानीत. सभेत मात्र अध्यक्षांच्या खटपटीबद्दल अध्यक्षांचे अभिनंदन झाले.

तिकडे धंतोलीत दिवाळी येऊन गेली. बापूजी भांडले नाहीत. भांडण त्यांना जमतच नसे. त्यांनी डॉक्टरांचे एक ऑक्सिजनचे नळकांडे अनंतरावांच्या दाराशी ठेवले. “आठवडाभर फक्त.” संक्रांतीला त्याच्याशेजारी चाकांची खुर्ची आली. होळीच्या सुमारास गॅलरीत एक लोखंडी पलंग आला, आणि दोन दिवसांनी पलंगावर एक म्हातारबुवा आले, ज्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते आणि ज्यांना मोकळी हवा सांगितली होती. सुहासिनीबाई गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या की ते अंगावर चादर ओढून घेत. सभ्य होते बिचारे. त्या त्यांना ताकही देत. पण रात्री जेवताना त्या विचारीत, “कुठवर आलं हो आपलं?” आणि अनंतराव म्हणत, “मोजणी झाली की झालंच.”

खरेदी झाली, मोजणी झाली, रस्ते आखले. प्लॉटच्या रेषा चुन्याने मारल्या त्या एका पावसात वाहून गेल्या, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवले. कडुनिंबाखाली शेवटच्या कोपऱ्याला घडीव दगड कमी पडला, तेव्हा चंपतरावांनी नाल्यातून एक ओबडधोबड काळा दगड आणून तेथे पुरला. वरून गोल, खाली रुंद. शेत विकून झाले होते, तरी ते आणि प्रयागबाई रोज येतच. पाय तिकडेच वळतात, म्हणत.

येथे अनंतराव पुस्तकाकडे गेले, हे त्यांचे चुकले. हद्दीच्या खुणा ठळक, टिकाऊ आणि परिसरात उठून दिसणाऱ्या असाव्यात, असे त्या जाडजूड पुस्तकात लिहिले होते. त्यांनी इतवारीत जाऊन दुकानदाराला उन्हापावसात टिकणारा रंग मागितला. दुकानदाराने लोखंडी फाटकाला आधी लावतात तो रंग दिला. डबा अनंतरावांनी शेतात जाऊनच उघडला. रंग शेंदरी होता, तेजस्वी शेंदरी. अनंतरावांना तो ठळक वाटला, टिकाऊ वाटला, आणि परिसरात उठून दिसेल याविषयी तर शंकाच नव्हती. आयुष्यभर विदर्भात राहिलेल्या, दर शनिवारी मारोतीला जाणाऱ्या माणसाला याहून अधिक काही त्या रंगात दिसले नाही, याचे कारण एवढेच सांगता येईल की त्या वेळी ते पुस्तकात होते. पहिला दगड त्यांनी रंगवला तो स्वतःच्या प्लॉटचा. पुरेसा ठळक व्हावा म्हणून दोन हात दिले. बाकीचे उरकायला त्यांना पुढे सवड झाली नाही.

नंतरच्या शनिवारी अंतिम मंजुरीसाठी पाहणीचे साहेब आले. भैयाजी पुढे, साहेब मध्ये, अनंतराव नकाशाची गुंडाळी घेऊन मागे. नकाशा पाहून साहेबांनी विचारले, “मैदान कुठे आहे? सार्वजनिक जागा सोडावी लागते, माहीत आहे ना?”

“सोडली आहे ना, साहेब,” भैयाजी म्हणाले आणि नकाशाच्या कडेला बोट ठेवले. कागदावर ती सुरेख हिरवी पट्टी दिसत होती. प्रत्यक्षात तेथे नाला होता आणि नाल्यात म्हशी होत्या.

“यात मुलं खेळणार?”

“पोहतील,” भैयाजी म्हणाले. साहेब हसले नाहीत.

“मैदान मध्यभागी, वापरता येईल असं दाखवा. नाहीतर मंजुरी नाही.” असे म्हणून ते वळले आणि थांबले. कडुनिंबाखाली गर्दी होती. सारे बेसा तेथे लोटलेले दिसत होते. बाया, पोरे, एक टाळ, तेलाच्या वाट्या. त्या ओबडधोबड काळ्या दगडावर, जो आता काळा नव्हता, रुईच्या पानांची माळ होती आणि समोर नारळांची शकले. प्रयागबाई उदबत्ती ओवाळत होती.

“हे काय?” साहेबांनी विचारले.

“मारोती.”

“हा नकाशात नाही.”

“मारोती कदी नकाशात रायते काय जी?” प्रयागबाई म्हणाली. “चपला काढा.”

साहेबांनी चपला काढल्या. नमस्कारही केला. लाजाळू माणसाच्या आयुष्यात एखाद दुसरीच वेळ अशी येते की त्याला गप्प राहणे परवडत नाही. अनंतराव पुढे झाले. “साहेब, हा... हा माझ्या प्लॉटचा कोपरा आहे. दगड हद्दीचा आहे. रंग मी लावला. खूण म्हणून.”

मग प्रयागबाईने उदबत्ती चंपतरावांच्या हातात दिली आणि कपाळाला हात लावला.

“तुमी लावला शेंदूर? आन आमी म्हनतो, हा रातोरात परगटला कसा! म्हनजे स्थापना तुमीच केली जी, मास्तर!”

“नाही, तो शेंदूर नव्हे, तो फाटकाचा...”

“असू द्या फाटकाचा. त्याले चालला ना?”

कोणीतरी अनंतरावांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. कोणीतरी हातात नारळ दिला. पोरांनी जयजयकार केला. भैयाजींनी साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितले आणि साहेबांनी मान डोलावली. “बरोबर आहे. जागा आधीच सार्वजनिक वापरात आहे. मध्यभागी आहे. आजूबाजूचे प्लॉट रिकामेच आहेत. मैदान इथे दाखवा, मी आजच शेरा मारतो.” चिटणिसाची सही हवी होती. चिटणिसाचा एक हात नारळात गुंतला होता. त्याने नारळ प्रयागबाईकडे दिला आणि सही केली. नाही केली असती, तर सर्वांचीच मंजुरी अडली असती. अक्षर नेहमीप्रमाणे चांगले आले.

घरी आल्यावर त्यांनी गळ्यातली माळ काढली नाही. कशी काढायची ते त्यांना सुचेना. सुहासिनीबाईंनी सगळे ऐकून घेतले. गॅलरीत म्हातारबुवा खोकले.

“म्हणजे तो कडुनिंब गेला,” त्या म्हणाल्या.

“गेला नाही. मैदानात आहे. मैदानासमोरचा प्लॉट आपल्याला देतो म्हणाले भैयाजी. खिडकीतून झाड दिसेल.” थोड्या वेळाने त्यांनी जोडले, “आणि रस्त्यापासून आत आहे. तिकडे कोण येणार?”

आपण खोटे बोलत नाही, पण आपले खरे टिकत नाही, हे अनंतरावांच्या तेव्हा लक्षात यायला हवे होते.

घर बांधायला घेतले. गवंड्याने पाया खणला आणि वर आलेली काळी माती बोटांत चोळून पाहिली. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घर धरून ठेवायचे तर जोते उंच घ्यावे लागेल, असे तो म्हणाला. जोते उंच म्हणजे पायऱ्या आल्या. सुहासिनीबाईंनी तेथे उभ्या राहून त्या मोजल्या. धंतोलीच्या जिन्याइतक्या नव्हत्या, पण रुंद होत्या, ऐसपैस होत्या, आणि सकाळी त्यांच्यावर कडुनिंबाची सावली येत होती. एखाद्याने बसायचे मनात आणले, तर याहून चांगली जागा पंचक्रोशीत नव्हती. अनंतराव त्या रात्री झोपले नाहीत.

गिलावा व्हायचाच होता, खिडक्यांना तावदाने नव्हती, तरी ते राहायला आले. कारण बापूजींनी दुसरा पलंग आणला होता. निघताना बापूजी खरेच रडले. म्हातारबुवा, जे आता बरे होऊन दुसऱ्या कोणाला तरी भेटायला आले होते, त्यांनी ट्रंक खाली उतरवायला हात लावला.

शुक्रवार शांतपणे गेला. दार दिवसभर वाजले नाही. सुहासिनीबाई दोनदा दाराकडे जाऊन आल्या, ते नीट लागते की नाही ते पाहायला.

शनिवारी सकाळी अनंतरावांना पायऱ्यांवर आवाज ऐकू आले. त्यांनी तावदान नसलेल्या खिडकीतून पाहिले. पांदणीवरून माणसे येत होती. तेल वाहून झालेली मंडळी सावली शोधत होती, आणि सावली पायऱ्यांवर होती. एका बाईने डबा सोडला होता. एक म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. कोणी कोणाला आपल्या गुडघ्याविषयी सांगत होते. अनंतरावांनी पुस्तक उघडले आणि चेहऱ्यासमोर धरले. ते कोणते पुस्तक होते, हे त्यांना पुढे कधी सांगता आले नाही.

आणि दार वाजले.

सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या. हाताला पीठ होते. पुस्तकाच्या वरच्या कडेवरून अनंतराव त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. त्यांनी कडी काढली. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून तेच शब्द आले.

“कोणाकडे आलात?”

दारात प्रयागबाई होती. एका हातात पदराखाली झाकलेली परात, दुसऱ्या हातात दुधाची चरवी. पायऱ्या चढून तिला दम लागला होता.

“कोनाकडं म्हंजे? तुह्याकडंच आली वं बाई. नव्या घरात पहिल्याच शनवारी रोडगे करून आनले. गरम हायेत.”

“अन् मारोतीला नैवेद्य?”

“त्याले मंग देईन. थो कुठी पळून जाते?”

सुहासिनीबाई दार धरून उभ्या राहिल्या. खालच्या पायरीवरून कोणीतरी पाणी मागितले, ते त्यांना ऐकू गेले नाही. मग त्यांनी दार सरळ भिंतीला टेकेपर्यंत उघडले, आणि आत वळून, जन्मात पहिल्यांदा जरा मोठ्याने, हाक मारली.

“अहो, पुस्तक ठेवा खाली. आपल्याकडे कोणीतरी आलं आहे.”